शेळी विकायची कधी, हे ठरवतं कोण?

मोबाइल उघडा आणि ‘शेळीपालन’ असं शोधा. पहिल्या पाच मिनिटांत काय दिसेल ते आधीच सांगते. चकाचक शेड, जाळीच्या मचाणावर ओळीने उभे असलेले तगडे बोकड, वरून ड्रोनचा शॉट आणि मोठ्या अक्षरांत ‘नोकरी सोडली, आता लाखोंची कमाई’. अजून थोडं खाली गेलात तर डिसेंबर २०२० मधली एक बातमी सापडेल. आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि तरीही मालकाने तो दिला नाही, अशी ती बातमी. तेव्हा ती व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरली होती.

हे सगळं बघून तुमची-माझी एक समजूत होते. शेळी-मेंढी म्हणजे जबरदस्त बिझनेस, फक्त लोकांना कळत नाही. पण ज्या भागात घरटी दोन-चार शेळ्या पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथली घरं मग लखपती का झाली नाहीत? हा साधा प्रश्न त्या रीलमध्ये कोणी विचारत नाही. आपण विचारू. त्यासाठी आपल्याला माणदेशात, म्हसवडला जावं लागेल.

एकाच जिल्ह्यातले दोन देश

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं, सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं गाव. नगरपरिषद आहे म्हणून कागदावर शहर, पण बाजाराच्या दिवशी बघितलं तर आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांचं एक मोठं अंगण. सिद्धनाथाचं देवस्थान, मार्गशीर्षातली रथयात्रा आणि वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवणारी माणगंगा, ही त्याची ओळख. ऑलिम्पिकमध्ये धावलेली ‘माणदेशी एक्स्प्रेस’ ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची.

सातारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कास आणि महाबळेश्वर येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो, आणि तोही लहर लागली तर. म्हणून इथली शेती ज्वारी-बाजरीची, आणि इथली माणसं बाहेर. कोणी मुंबईत माथाडी, कोणी ऊसतोडीला, कोणी सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात थेट दुसऱ्या राज्यात, कोणी फौजेत. जे गावात राहतात, त्यांच्या घराशेजारी दावणीला शेळी असते.

शेळीच का? कारण ती बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचं काहीबाही, म्हणजे गाय ज्याला तोंड लावत नाही ते खाऊन दूध आणि करडं देते. पाच महिन्यांत विते. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी तर जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोरड्या प्रदेशात पावसावर भरवसा ठेवण्यापेक्षा शेळीवर ठेवलेला बरा, हे लोकांना कोणत्याही अहवालाआधी कळलं होतं.

आणि हा काही मागे पडत चाललेला व्यवसाय नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात शेळ्यांची संख्या १४.८८ कोटी निघाली, २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी जास्त. महाराष्ट्रात तर ती ८४ लाखांवरून एक कोटी सहा लाखांवर गेली, म्हणजे सात वर्षांत सुमारे पंचवीस टक्के वाढ. मधल्या काळात राज्याने २०१२-१३ चा आणि २०१८ चा असे मोठे दुष्काळ बघितले. दुष्काळ बघूनही शेळ्या वाढल्या. की दुष्काळामुळेच वाढल्या? याचं उत्तर शेळी घरात नेमकं काय काम करते यात आहे.

बँकेच्या आधीची बँक

‘शेळी म्हणजे गरिबाचं एटीएम’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण ते जरा गंभीरपणे घेऊन बघा. एटीएममधून आपण पैसे काढतो ते गरज पडली म्हणून, भाव चांगला आहे म्हणून नाही.

बिझनेस करणारा माणूस माल कधी विकतो? भाव चढला की. बचत करणारा माणूस बचत कधी मोडतो? घरात कोणी आजारी पडलं, लग्न निघालं, बियाणं आणायचं झालं, पोरांची फी भरायची आली की. म्हसवडच्या आसपासच्या वाडीतली शेळी हा बिझनेस नाही, ती बचत आहे. ती धंदा समजून मोजायला गेलं की हिशेब चुकतो.

या बचतीची मालकीण बहुतेक वेळा घरातली बाई असते. जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, पीक-कर्ज त्यांच्या नावावर, दुधाचं बिलही बऱ्याचदा पुरुषाच्या खात्यावर. शेळी मात्र तिची. ज्या बाईकडे शेळी घ्यायलाही पैसे नसतात, ती दुसऱ्याची शेळी अर्धलीने सांभाळते. म्हणजे शेळी मालकाची, राखण हिची आणि होणारी करडं निम्मी-निम्मी. ना कागद, ना जामीन, ना सिबिल स्कोअर. भांडवल नसलेल्या माणसाला भांडवल मिळवून देणारी ही व्यवस्था कोणत्याही फिनटेक अॅपच्या कितीतरी आधीची आहे.

भारतातल्या ग्रामीण महिलांनी चालवलेल्या पहिल्या बँकांपैकी एक याच म्हसवडमध्ये उभी राहिली, ते उगाच नाही. १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून सह्या करणाऱ्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि आव्हान दिलं की रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या. परवाना मिळाला. याच चेतना सिन्हा २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या.

ही गोष्ट ‘प्रेरणादायी’ म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. या बायकांना बचत करायची सवय आधीपासून होती, हिशेब आधीपासून येत होता. नव्हतं ते फक्त पैसे ठेवायला ठिकाण. तोवर ते ठिकाण म्हणजे दावणीची शेळी.

बाजार पंचांगावर चालतो, फी कॅलेंडरवर

आता मुद्द्यावर येऊ. बोकडाचा भाव वर्षभर सारखा नसतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा-जत्रा असतात, तेव्हा मागणी वाढते. आषाढात, म्हणजे आखाडात, मटणाची चंगळ असते, कारण पुढे श्रावण येणार असतो. श्रावण लागला की बाजार थंड. मग गणपती, नवरात्र असं करत दिवाळीनंतर पुन्हा हालचाल सुरू होते. आणि या सगळ्यांच्या वर बकरी ईद. तेव्हा बोकड किलोवर नाही, रूपावर जातो.

पण ईदच्या बोकडाला एक अट असते. कुर्बानीसाठी तो किमान वर्षाचा लागतो. म्हणून व्यापारी त्याचं तोंड उघडून दात बघतो. ‘दोन दाती’ झाला की भाव वेगळा. म्हणजे हा भाव मिळवायचा तर बोकड वर्षभर सांभाळता आला पाहिजे, आणि त्या वर्षात एक उन्हाळाही येतो. माणमध्ये उन्हाळ्यात माळावर काही उरत नाही. कडबा, मका, पेंड विकत आणायची तर पैसे लागतात. ज्याच्याकडे ते असतात, तो थांबतो. ज्याच्याकडे नसतात, तो पाच-सहा महिन्यांचं करडू मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो. मग तेच करडू दुसरा कोणी सांभाळतो आणि ईदला विकतो. वाढवण्याचा नफा त्याचा, जन्माला घालण्याची जोखीम हिची.

आता याच्यावर कॉलेजचं कॅलेंडर ठेवून बघा. अॅडमिशन कधी? जून-जुलै. पेरणीचा खर्च कधी? जून. घरात चारा सगळ्यात कमी कधी? मे-जून. तिन्ही ताण एकाच महिन्यात येतात.

गेल्या काही वर्षांत एक योगायोग मदतीला होता. बकरी ईद २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. ज्यांना वर्षाचा बोकड राखता आला, त्यांना ऐन फीच्या तोंडावर चांगला भाव मिळायची शक्यता होती. पण इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे ईद दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे येते. ती आता मे महिन्यात सरकतेय, काही वर्षांनी एप्रिलमध्ये जाईल. फीची तारीख मात्र जागची हलणार नाही. म्हणजे ईदला विकून आलेले पैसे फीपर्यंत एक-दोन महिने हातात टिकवावे लागतील, आणि तंगीच्या घरात रोख रक्कम टिकवणं किती कठीण असतं ते वेगळं सांगायला नको. नाहीतर आखाडाची वाट बघायची. ती बघता बघता अॅडमिशनची मुदत संपते.

तुम्ही म्हणाल, आता मुलींची फी माफ आहे ना? बरोबर. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरलेल्या प्रवर्गांमधल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारने माफ केली आहे. मोठा निर्णय आहे. पण खोलीभाडं, मेस, पुस्तकं, एसटीचा पास, डिपॉझिट हे त्यात येत नाही. मुलगे येत नाहीत. आणि शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा व्हायला लागणारा वेळ हा तर प्रत्येक कॉलेजच्या कँटीनमधला कायमचा विषय आहे. त्या मधल्या काळात जे काही मोडलं जातं, त्यात शेळी असते.

नजरेचा सौदा

समजा, विकायची वेळ आलीच. मग भाव कसा ठरतो? वजनकाट्यावर नाही. व्यापारी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कमरेजवळ दाबून बघतो आणि आकडा सांगतो. जनावरांच्या बाजारात अजूनही रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, म्हणजे शेजारच्याला भाव कळू नये. याला म्हणतात नजरेचा सौदा.

गणित मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी गोल धरलेत, तुमच्या भागातले दर टाकून तुम्ही पुन्हा करून बघा. बोकड २० किलोचा. जिवंत वजनाचा दर किलोला ३५० रुपये धरला तर ७,००० रुपये. पण नजरेने तो १७ किलोचा ठरला, तर हातात ५,९५०. म्हणजे एका बोकडामागे १,०५० रुपये गेले. वर्षाला आठ जनावरं विकणाऱ्या घराचे ८,४०० रुपये. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणालाही विचारा, ही रक्कम म्हणजे दोन-तीन महिन्यांची मेस.

व्यापारी सरसकट लुटतो असं म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. जनावराचं निम्मं वजन मटणात मिळतं, फार तर. २० किलोच्या बोकडातून १० किलोच्या आत. दुकानात किलोला ७५० धरले तर साडेसात हजार, वर मुंडी, पाय, वजडी. त्यातून टेम्पोचं भाडं, बाजार समितीची फी, वाटेत दगावलेलं जनावर, दुकानाचं भाडं हे सगळं जायचं असतं. मटणाचा दर सगळ्यांना माहीत असतो, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. अंदाज फक्त वजनाचा असतो, म्हणून नफाही वजनातच शोधला जातो. विकणारी बाई वर्षातून पाच-सात वेळा बाजारात येते, घेणारा आठवड्यातून तीनदा. कोणाची नजर जास्त तयार असणार?

आणि एक गोष्ट नजरेला वजनाइतकीच लवकर कळते, ती म्हणजे गरज. बोकड घेऊन आलेल्या माणसाला आज विकूनच जायचंय हे समोरच्याला कळलं, की आकडा अजून खाली येतो.

शंभर शेळ्यांचं स्वप्न

यावर सरकार काय करतं? योजना आहेत, आणि बऱ्याच आहेत. राज्याची १० शेळ्या आणि १ बोकड अशी गटवाटप योजना आहे. सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र तर माण तालुक्याच्या ठिकाणी, दहिवडीलाच आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, कमाल ५० लाखांपर्यंत.

कागदावर उत्तम. पण शंभर शेळ्यांच्या प्रकल्पासाठी जागा लागते, शेड लागतं, बँकेचं कर्ज लागतं, प्रकल्प अहवाल लागतो. अर्धलीने शेळी सांभाळणारी बाई या रांगेत उभीच राहू शकत नाही. शिवाय माळावर चरणाऱ्या पाच शेळ्या आणि शेडमध्ये बांधलेल्या शंभर शेळ्या ही एकाच धंद्याची छोटी-मोठी रूपं नाहीत. पाच शेळ्यांचा चारा फुकट असतो, बाईच्या श्रमाचा हिशेब कोणी धरत नाही. शंभर शेळ्यांना प्रत्येक घास विकत. फुकटच्या चाऱ्यावर फायद्यात दिसणारा व्यवसाय वीसपट केला की फायदाही वीसपट होतो, असं नसतं. त्यात एकदा आजार घुसला की एका आठवड्यात शेड रिकामं.

मग रीलमधले लाखो रुपये कुठून येतात? यातली मेख समजून घ्या, कारण तुमच्यापैकी काही जण डिग्रीनंतर याच वाटेचा विचार करत असतील. बाजारात दोन भाव असतात. एक खाटकाचा भाव, तो मटणावर ठरतो. दुसरा पैदाशीच्या जनावराचा भाव, तो नव्याने धंद्यात येणाऱ्यांच्या उत्साहावर ठरतो. ७० लाखांचा मेंढा हा दुसऱ्या भावातला. नवा फार्म सुरू करणारा जुन्या फार्मकडून महागडी पैदास घेतो, आणि तीच पुढे त्याहून नव्याला विकायची आशा धरतो. जोपर्यंत नवे येत राहतात तोपर्यंत सगळे खूश. दशकभरापूर्वी इमूपालनाचं काय झालं ते घरच्यांना विचारा. पिल्लं विकण्यात सगळे गुंतले होते, आणि मांस खाणारं गिऱ्हाईक बाजारात नव्हतंच. शेळीचं तसं नाही, मटणाला खरी मागणी आहे. पण म्हणूनच हिशेब करताना भाव खाटकाचा धरा. त्या भावात प्रकल्प टिकत असेल तर पुढे जा. ‘ट्रेनिंग’ची फी भरण्याआधी एवढं केलंत तरी खूप वाचेल.

माळ कोणाचा?

माणदेश बदलतोय. लोकांनी श्रमदान करून शिवारं पाणीदार केली. २०१८ चा वॉटर कप जिंकला तो याच तालुक्यातल्या टाकेवाडीने. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू अशा योजनांचं पाणी या दुष्काळी पट्ट्यात येतंय. मुंबई-बंगळुरू औद्योगिक कॉरिडॉरसाठी म्हसवड परिसराचं नाव पुढे आलं आहे. यातल्या एकाही गोष्टीला विरोध करावा असं मला वाटत नाही. टँकरच्या मागे कळशी घेऊन धावलेल्या माणसाला पाण्याचे तोटे सांगणं हा उद्धटपणा होईल.

पण प्रत्येक बदलात एक न बोललेला व्यवहार असतो. पाणलोटाची कामं टिकायची तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करावी लागते. ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे, कोवळं झाड शेळीच्या तोंडी लागलं तर वाढत नाही. पाणी आलं की माळाचं डाळिंबाचं, उसाचं रान होतं. कारखाना आला की कुंपण येतं. जमीनवाल्याला याचा लाभ मिळतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी माळ आणि गायरान हीच शेती होती. त्याच्या वाट्याला काय येतं? मेंढपाळांचंही तेच. पूर्वी त्यांची मेंढरं रानात बसवून घेण्यासाठी शेतकरी धान्य किंवा पैसे द्यायचे, कारण लेंडीखत मिळायचं. आता उसाच्या पट्ट्यात त्यांना बसायलाच रान उरत नाही.

चराईबंदी करताना त्याच ठरावात चाऱ्यासाठी थोडी गायरान जमीन राखून ठेवणं, बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावणं, कापून आणलेल्या चाऱ्यावर भूमिहीनांचा पहिला हक्क ठेवणं, हे अशक्य नाही. त्यासाठी ग्रामसभेत शेळीवाल्या बायकांना बोलायला जागा लागते, एवढंच.

मग काय करता येईल?

शेळीवाल्या घराचं उत्पन्न वाढवायचं असेल तर शेळ्यांची संख्या वाढवणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी तीन गोष्टी येतात.

पहिली, करडं जगवणं. पीपीआर आणि आंत्रविषार या दोन रोगांच्या लसी उपलब्ध आहेत आणि त्या महाग नाहीत. २०३० पर्यंत पीपीआर संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे. पण गाईसाठी डॉक्टर घरी येतो, दोन शेळ्यांसाठी कोण येणार? इथे म्हसवडने एक रस्ता दाखवला आहे. माणदेशी फाउंडेशनने फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या साथीने गावातल्याच बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं आणि प्राथमिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. लोक त्यांना ‘शेळ्यांच्या डॉक्टर’ म्हणतात. चांगला बोकड न पाळताही चांगली पैदास मिळते, आणि गावात एक रोजगार तयार होतो.

दुसरी, वजनकाटा. एवढं साधं यंत्र बाजारात दारोदार नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं. आता तर प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करायला बंदी आहे. ज्या नोंदीत लस आणि मालक येतो, त्यात विक्रीच्या दिवशीचं वजन का येऊ नये? बाजार समितीने प्रवेशद्वारावर काटा ठेवला आणि पावती हातात दिली, तर सौदा रुमालाखाली झाला तरी चालेल. निदान दोघांना एकच आकडा माहीत असेल.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, थांबण्याची ताकद. जूनमध्ये दहा हजारांची नड भागली, तर तोच बोकड पुढच्या ईदपर्यंत थांबू शकतो. याला लागतं छोटं, लवकर मिळणारं कर्ज, चाऱ्यासाठी आणि शिक्षणासाठी. आणि जनावर मेलं तर कर्ज बुडणार नाही यासाठी विमा. पशुधन विम्यात शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आणला गेला आहे. पण ही माहिती अर्धलीने शेळी सांभाळणाऱ्या बाईपर्यंत कोण पोहोचवणार?

इथे तुमचा संबंध येतो. कॉमर्सवाले, तुम्ही एनएसएसच्या शिबिरात भिंती रंगवण्याऐवजी एक दिवस जनावरांच्या बाजारात काटा घेऊन बसा. नजरेचा भाव आणि काट्याचं वजन यातला फरक नोंदवा. पन्नास जनावरांची नोंद झाली तरी बाजार समितीसमोर ठेवायला कागद तयार होतो. इंजिनीअरिंगवाले, स्वस्त आणि दुचाकीवर नेता येईल असा काटा हा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून वाईट नाही. मास कॉमवाल्यांनी पुढची रील काढताना बोकडाची किंमत सांगण्याआधी तो कोणी आणि का विकला, हे विचारावं.

आणि एक गोष्ट प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थी प्रतिनिधींना करता येईल. फी एकरकमी जूनमध्ये न घेता हप्त्यांत घ्या, आणि मोठा हप्ता दिवाळीनंतर ठेवा, अशी मागणी प्राचार्यांकडे लेखी करा. कॉलेजला यात एक रुपयाही सोडावा लागत नाही, फक्त चार महिने थांबावं लागतं. कॉलेज थांबलं, तर तुमच्या वर्गातल्या कोणाच्या तरी घरचा बोकडही थांबू शकेल.